वाचकांचे प्रश्न : तीनशे किलोमीटर वरची रिॲक्शन खाली पाइपात कशी मोजतात?

मागच्या अंकात आयनोस्फिअरवर लिहिलं होतं, म्हणजे साधारण ६० किलोमीटरच्या वर हवेचे अणू-रेणू सूर्याच्या अतिनील किरणांनी फुटून जिथं आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे फिरतात तो पट्टा. त्यावर सांगली-सातारा भागातून बरेच मेसेज आणि पत्रं आली. पाच प्रश्न जवळजवळ एकाच धाग्यातले होते म्हणून आज तेच घेतलेत, आणि पहिल्याला जागा जास्त गेलीय कारण बाकीच्यांची उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत.

प्रश्न : सर, मी बारावी सायन्सला आहे. तुम्ही लिहिलंत की ३०० किमी उंचीवर ऑक्सिजनचा आयन नायट्रोजनला धडकतो, रिॲक्शन होते, आणि तिचा रेट पण दिलात. पण तिथं टेस्ट ट्यूब घेऊन कुणी गेलं नाही ना? मग हा आकडा आला कुठून, रॉकेटनं मोजला का? (एक विद्यार्थिनी, तासगाव)

उत्तर : रॉकेटनं नाही मोजला. आणि तू हे विचारलंस याचा मला खरंच आनंद झाला, कारण पुस्तकात आकडा छापलेला असला की आपण तो पाठ करतो आणि तो आला कुठून हे विचारायचं राहूनच जातं.

रॉकेट काय करतं, तर वर जाताजाता अमुक उंचीवर कुठले आयन आहेत आणि किती आहेत ते सांगतं. पण ती संख्या म्हणजे आलेले वजा गेलेले असा शिल्लक हिशोब असतो, सूर्यप्रकाशानं किती तयार झाले, रिॲक्शननं किती संपले, वाऱ्यानं इकडचे तिकडे किती गेले हे सगळं त्या एकाच आकड्यात मिसळलेलं. शिल्लक बघून खर्च कळत नाही. रिॲक्शनचा रेट वेगळा मोजायचा तर ती रिॲक्शन एकटी पाडावी लागते, आणि ते खाली प्रयोगशाळेतच जमतं.

१९६० च्या आधीही प्रयत्न चालूच होते. बंद भांड्यात गॅस भरायचा, विजेचा झटका द्यायचा आणि चमक विझत जाताना आयन कसे कमी होतात ते बघायचं. अडचण अशी की त्या भांड्यात झटक्यानंतर आयन, इलेक्ट्रॉन, उत्तेजित अणू, तुटलेले रेणू सगळं एकाच वेळी नांदत असतं आणि कोण कुणाशी रिॲक्ट झालं ते सांगता येत नाही. तू म्हणतेस त्याच रिॲक्शनचे, ओ-प्लस (ऑक्सिजन अणूचा आयन) अधिक एन-टू (नायट्रोजनचा रेणू), वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे एकमेकांपासून कितीतरी पटींनी लांब होते.

मग १९६३ च्या सुमाराला अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी, नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या लॅबमध्ये, एल्डन फर्ग्युसन, फ्रेड फेसेनफेल्ड आणि आर्ट श्मेल्टेकॉफ या तिघांनी पद्धतच बदलली. भांडं बंद न ठेवता त्यांनी वाहता पाइप घेतला. साधारण मीटरभर लांब, आठेक सेंटिमीटर व्यासाचा स्टीलचा पाइप, एका टोकानं हिलियम सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला दांडगा व्हॅक्यूम पंप, त्यामुळं आतला दाब अर्ध्या टॉरच्या आसपास, म्हणजे आपल्या हवेच्या दाबाचा साधारण दीड हजारावा भाग, आणि गॅस पाइपातून सेकंदाला शंभरेक मीटर वेगानं पळतोय. सुरुवातीलाच हिलियमचे आयन बनवायचे, थोडं पुढं किंचित ऑक्सिजन सोडायचा, हिलियमचा आयन ऑक्सिजनचा रेणू फोडून ओ-प्लस तयार करतो. त्याच्याही पुढं, मधल्या एका बारीक नळीतून, ज्याच्याशी रिॲक्शन बघायचीय तो नायट्रोजन मोजून सोडायचा. आणि शेवटाला एक टाचणीएवढं भोक, त्यातून थोडेसे आयन मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये ओढून घ्यायचे आणि वजनानुसार मोजायचे, १६ वजनाचे ओ-प्लस किती राहिले, रिॲक्शनमधून ३० वजनाचे एन-ओ-प्लस, म्हणजे नायट्रिक ऑक्साइडचे आयन, किती झाले.

यात मला सगळ्यात सुंदर वाटतं ते म्हणजे घड्याळाची भानगडच संपली. आपल्याकडं साखर कारखान्यात गव्हाणीतून ऊस एकाच वेगानं पुढं सरकत असतो, तेव्हा ऊस कुठवर पोचला हे बघून तो टाकून किती वेळ झाला ते सांगता येतं, तसंच इथं अंतर हाच वेळ. नायट्रोजन सोडल्यापासून भोकापर्यंत अर्धा मीटर असेल तर रिॲक्शनला मिळाले सेकंदाचे पाच हजारांश. (बारकावा सांगतो, आयन गॅसच्या सरासरी वेगापेक्षा जास्त वेगानं जातात कारण ते मधल्या धारेत जास्त असतात आणि कडेला भिंतीवर जाऊन संपतात, म्हणून आयनांचा वेग वेगळा मोजावा लागतो, तिथं चुकलं तर सगळंच चुकतं.) आणि या एवढ्याशा वेळेत सुद्धा प्रत्येक आयन हिलियमला हजारो वेळा धडकून शांत होतो, म्हणजे पाइपाच्या तापमानाला येतो, त्यामुळं आपण नेमक्या कुठल्या तापमानाचा रेट मोजतोय ते पक्कं माहीत असतं.

आता मोजणी. नायट्रोजन बंद असताना ओ-प्लस किती येतात ते बघायचं, मग नायट्रोजन थोडाथोडा वाढवत जायचा आणि प्रत्येक वेळी ओ-प्लस किती उरले ते लिहायचं. नायट्रोजन आयनांच्या मानानं इतका जास्त असतो की तो संपतच नाही, म्हणून तू केमिकल कायनेटिक्सच्या धड्यात शिकतेस ती स्यूडो फर्स्ट ऑर्डर लागू पडते, लॉग घेऊन आलेख काढला की सरळ रेष, आणि तिच्या उतारातून रेट. भिंतीवर किती आयन वाया गेले, डिटेक्टरनं शंभरातले किती पकडले याची चिंताच नाही, कारण ते दोन्ही नायट्रोजन असताना आणि नसताना तेवढंच राहतं, आपल्याला फक्त गुणोत्तर हवंय.

आकडा आला साधारण १.२ गुणिले १० चा उणे १२ वा घात, घन सेंटिमीटर प्रति सेकंद. कोरडा वाटेल पण बघ तो काय सांगतो. आयन आणि रेणू नुसते एकमेकांना धडकण्याचा रेट असतो १० च्या उणे ९ व्या घाताच्या आसपास. म्हणजे ओ-प्लस नायट्रोजनला हजारेक वेळा धडकतो तेव्हा कुठं एकदा रिॲक्शन होते. एवढी मंद. ३०० किमीवर घन सेंटिमीटरमध्ये नायट्रोजनचे रेणू हिशोबापुरते १० कोटी धर आणि भागाकार कर, एका ओ-प्लसचं सरासरी आयुष्य दोन तासांच्या वर निघतं. वर तापमान १००० केल्विनच्या आसपास असतं आणि तिथं ही रिॲक्शन अजून मंद होते, म्हणजे आयुष्य आणखी लांबतं. हे सगळं मीटरभर पाइपातून निघालंय.

एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर सुट्टे ऑक्सिजन अणू भरपूर आहेत, पण ते सिलिंडरमध्ये विकत मिळत नाहीत, एकमेकांना भेटले की रेणू होऊन बसतात. मग त्यांच्याबरोबरची रिॲक्शन मोजायची कशी? तर नायट्रोजनमध्ये डिस्चार्ज करून नायट्रोजनचे अणू बनवायचे आणि त्यात नायट्रिक ऑक्साइड सोडायचा, एका नायट्रोजन अणूमागं एक ऑक्सिजन अणू सुटतो. किती सुटले ते डोळ्यांनी कळतं. आधी नायट्रोजनची पिवळी चमक असते, नायट्रिक ऑक्साइड वाढवत गेलं की ती निळसर-जांभळी होते, मग एका क्षणी एकदम अंधार, आणि अजून वाढवलं की हिरवट-पिवळी चमक. तो अंधाराचा बिंदू म्हणजे दोन्ही अगदी बरोबरीत. तू प्रॅक्टिकलला ब्युरेट धरून रंग बदलायची वाट बघतेस ना, तेच टायट्रेशन, फक्त सगळं गॅसमध्ये.

प्रश्न : मी रिटायर झालोय, जुना रेडिओ अजून चालू आहे. दिवसा मीडियम वेव्हला फक्त जवळचं स्टेशन लागतं, रात्री कुठली कुठली परदेशातली लागतात. लहानपणी वडील म्हणायचे रात्री हवा थंड असते म्हणून. ते बरोबर का? (एक वाचक, कराड)

उत्तर : काका, थंड हवेचा यात संबंध नाही, हे आयनांच्या दोन थरांचं वेगवेगळं आयुष्य आहे.

६० ते ९० किमीचा थर, त्याला डी म्हणतात, तो दिवसा मीडियम वेव्हच्या लहरी खाऊन टाकतो, कारण तिथं हवा तुलनेनं दाट आहे आणि लहरीनं हलवलेले इलेक्ट्रॉन रेणूंवर आपटून ऊर्जा घालवतात. सूर्य मावळला की हा थर पटकन विरतो. वरचा एफ थर, म्हणजे वरच्या उत्तरातला तो ३०० किमीच्या आसपासचा ओ-प्लसचा पट्टा, मात्र रात्रभर टिकतो, कमी होतो पण संपत नाही. डी गेल्यावर लहरी मोकळ्या वरपर्यंत पोचतात, परावर्तित होतात आणि लांबवर उतरतात, म्हणून तुम्हाला रात्री लांबची स्टेशनं.

वरचा का टिकतो? एकटा ऑक्सिजन अणूचा आयन इलेक्ट्रॉनला भेटला तरी त्याला सहज पकडू शकत नाही, कारण त्यातून सुटणारी ऊर्जा ठेवायला जागा नसते, प्रकाशाच्या रूपात टाकावी लागते आणि ते क्वचितच जमतं. रेणूचा आयन असेल तर सोपं, इलेक्ट्रॉन आला की रेणू तुटतो आणि दोन तुकडे ती ऊर्जा घेऊन पळतात. हे बेट्स आणि मॅसी यांनी १९४० च्या दशकातच मांडलं होतं. म्हणजे ओ-प्लसला संपायचं तर आधी रेणू-आयन व्हावं लागतं आणि ते होतं वरच्या उत्तरातल्या त्या मंद रिॲक्शननं. रात्री एफ थर शिल्लक राहतो याचं मोठं कारण ती हजारात एक टक्कर.

खालच्या डी थराची गोष्ट अजून मजेची. तिथं सूर्याचे १२१.६ नॅनोमीटरचे किरण नायट्रिक ऑक्साइडला आयन करतात, म्हणून सगळ्यांना वाटत होतं की तिथं ३० वजनाचा एन-ओ-प्लसच जास्त सापडणार. १९६० च्या दशकात रॉकेटमधून मास स्पेक्ट्रोमीटर पाठवला, तर ८० किमीच्या खाली सापडले १९ आणि ३७ वजनाचे आयन. १९ म्हणजे पाण्याच्या रेणूला चिकटलेला एक प्रोटॉन, ३७ म्हणजे त्याला अजून एक पाणी. पहिल्यांदा शंका हीच आली की रॉकेटनंच जमिनीवरून ओल सोबत नेली असेल. शंका रास्त होती! पण बोल्डरच्या त्याच पाइपात फेसेनफेल्ड आणि फर्ग्युसन यांनी एकेक पायरी मोजून १९६९ मध्ये रस्ता दाखवला, ओ-टू-प्लसला, म्हणजे ऑक्सिजन रेणूच्या आयनाला, आधी आणखी एक ऑक्सिजन रेणू चिकटतो, मग त्याची जागा पाणी घेतं, मग दुसरं पाणी आलं की प्रोटॉन पाण्याकडं जातो आणि तिथून साखळी वाढत जाते. पाण्याचं प्रमाण तिथं अगदी थोडं असलं तरी पुरतं. आणि हे पाण्याचे झुबके इलेक्ट्रॉनला साध्या एन-ओ-प्लसपेक्षा दहापट वगैरे जोरात गिळतात, तुमचा डी थर लवकर विरतो त्यात त्यांचाही वाटा आहे. भारतात या थरावर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत अशेष प्रसाद मित्रा यांनी आयुष्यभर काम केलं, त्यांचं नाव आपल्या शाळांमध्ये घेतलं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न : रॉकेटमुळं आयनोस्फिअरला भोक पडतं असं व्हॉट्सॲपला फिरतंय. अफवा आहे का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : अफवा नाही, पण घाबरण्यासारखंही नाही, काही तासांत भरून येतं.

१४ मे १९७३ ला अमेरिकेनं स्कायलॅब हे अवकाश स्थानक सोडलं, सॅटर्न ५ रॉकेटवर. त्या वेळी रॉकेटचा दुसरा टप्पा एफ थराच्या आतून, ३०० किमीच्याही वरपर्यंत पेटलेला होता, आणि त्याचं इंधन द्रव हायड्रोजन, म्हणजे धुरात पाण्याची वाफ आणि हायड्रोजन. उपग्रहाचे सिग्नल मोजणाऱ्यांना दिसलं की साधारण हजार किलोमीटर त्रिज्येच्या भागात इलेक्ट्रॉन निम्म्याहून कमी झाले. मायकेल मेंडिलो आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये त्याचा खुलासा केला, आणि तो खुलासा शक्य झाला कारण रेट आधीच मोजून तयार होते. ओ-प्लस आणि पाणी यांचा रेट २ गुणिले १० चा उणे ९ वा घात याच्या थोडा वर, म्हणजे जवळजवळ प्रत्येक टक्कर लागू. नायट्रोजनच्या मानानं दोनेक हजार पट. ओ-प्लसचा लगेच पाण्याचा रेणू-आयन झाला, त्याला इलेक्ट्रॉन भेटला आणि संपला. दोन तासांहून लांब आयुष्य काही सेकंदांवर आलं तर भोक पडणारच. रॉकेलवर चालणाऱ्या रॉकेटच्या धुरात पाण्याच्या जोडीला कार्बन डायऑक्साइड असतो, त्याचाही रेट असाच जोरदार आहे.

प्रश्न : कासला रात्री लाँग एक्स्पोजर फोटो काढले, चंद्र नव्हता, ढग नव्हते, तरी आकाशात हिरवट आणि एका बाजूला लालसर झाक आली. कॅमेरा बिघडलाय का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : कॅमेरा बहुतेक ठीक आहे, तुम्ही एअरग्लो, म्हणजे वरच्या हवेचा स्वतःचा मंद उजेड, टिपलाय. लालसर बाजूला शहराचा उजेड नव्हता ना, हे मात्र तपासा, सातारकडची दिशा असेल तर शंका ठेवा.

हिरवा प्रकाश ५५७.७ नॅनोमीटरचा, मुख्यतः ९५-१०० किमीवरून, साध्या ऑक्सिजन अणूंच्या भेटीतून येतो, त्यात आयनांचं काम नाही. लाल ६३० नॅनोमीटरचा प्रकाश मात्र पूर्ण आयनांच्या रिॲक्शनचा. ओ-प्लस ऑक्सिजनच्या रेणूला भेटतो आणि ओ-टू-प्लस होतो, त्याला इलेक्ट्रॉन भेटतो, तो तुटतो, आणि सुटलेल्या अणूंपैकी एखादा उत्तेजित असतो. तो लगेच प्रकाश टाकत नाही, साधारण दोन मिनिटं थांबतो, खाली दाट हवेत तेवढ्या वेळात कुणीतरी धडकून त्याची ऊर्जा काढून घेतं म्हणून लाल उजेड फक्त २००-२५० किमी आणि वरूनच दिसतो. या पहिल्या पायरीचा रेटही पाइपातच मोजलाय, २ गुणिले १० चा उणे ११ वा घात. तो हातात असला की जमिनीवरून लाल उजेड मोजून वर आयन किती हे काढता येतं.

आणि हे काम तुमच्या जवळच झालंय. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे, तिथून ऑल-स्काय कॅमेऱ्यानं याच ६३० नॅनोमीटरचे फोटो घेऊन त्यातल्या काळ्या पट्ट्यांवर संशोधन झालंय. काळे पट्टे म्हणजे प्लाझ्मा बबल, आयन कमी असलेले भाग, चुंबकीय विषुववृत्ताकडून, म्हणजे पार तिरुवनंतपुरमच्या बाजूनं, वर उठून आपल्याकडं पसरतात. अंधार पडल्यावर खालच्या थरातले रेणू-आयन भराभर संपतात आणि वरचे ओ-प्लस तसेच राहतात, खाली रिकामं आणि वर भरलेलं, मग ते उलथतं. मोजणीवाल्यांचा जीपीएस रोव्हर मार्च किंवा सप्टेंबरच्या आसपास सूर्यास्तानंतर कधीकधी नीट फिक्स घेत नाही त्याचं एक कारण हे असू शकतं, अर्थात झाडी आणि नेटवर्क आधी बघा. परत कासला गेलात तर कॅमेऱ्यावर अरुंद पट्ट्याचा ६३० चा फिल्टर लावून बघा, तो मिळाला तर खरं-खोटं लगेच कळेल.

प्रश्न : मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. वाचायला छान वाटलं, पण एवढ्या वरच्या रिॲक्शन मोजून आपल्यासारख्यांना काय मिळतं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमच्याच कामाच्या जवळचं एक यंत्र मिळालं. १९७६ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला नायजेल ॲडम्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी बोल्डरच्या पाइपात सुधारणा केली, आयन बाहेर बनवायचे, त्यातले हवे त्याच वजनाचे गाळून घ्यायचे आणि मगच पाइपात सोडायचे, म्हणजे आत दुसरी भेसळच नाही. हेतू तेव्हा अवकाशातले ढग आणि वरचं वातावरण हाच होता. नंतर १९९० च्या दशकात डेव्हिड स्मिथ आणि पॅट्रिक श्पानेल यांनी तेच उलटं वापरलं. रेट माहीत आहे, वेळ माहीत आहे, आयन किती कमी झाले ते मोजतोय, मग समोरचा गॅस किती होता ते निघतं. माणसानं नळीत श्वास सोडायचा, आणि श्वासातला ॲसिटोन, अमोनिया, अल्कोहोल सगळं तिथल्या तिथं, रक्त न काढता, अब्जांशात.

त्यासाठी वापरतात ते तीन आयन बघा, प्रोटॉन चिकटलेलं पाणी, एन-ओ-प्लस आणि ओ-टू-प्लस. तिन्ही वरच्या हवेतले आपले ओळखीचे, आणि एक सोयीची गोष्ट म्हणजे श्वासातल्या नायट्रोजन-ऑक्सिजनशी ते फारसे रिॲक्ट होत नाहीत, म्हणून हवा मध्ये येत नाही. ॲसिटोनचं वजन ५८, पाण्याच्या आयनानं त्याला प्रोटॉन दिला की ५९ ला दिसतो, एन-ओ-प्लस चिकटला की ८८ ला, म्हणजे एकाच श्वासात दोन वेगळ्या वजनांवर खात्री करता येते. मात्र ज्या पदार्थाचा रेट अजून कुणी मोजलेला नाही त्याचं प्रमाण नुसता सिग्नल बघून पक्कं सांगता येत नाही, त्यामुळं एकेक पदार्थ घेऊन त्याचे रेट मोजायचं काम आजही अशाच पाइपांवर चालू असतं.